पुरा अध्याय

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी केडगावच्या घरी डबी फिरत असे. पत्र्याच्या त्या डबीत विडीपेक्षा बारीक गुंडाळलेल्या शंभर-दीडशे चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं वर्षभराचं. शमुवेल चर्चमधून आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता, स्वतः डबी घेऊन सगळ्यांपुढून फिरला. आईपुढे, थोरल्या बहिणीपुढे, बायकोपुढे, मग धाकट्या भावाच्या विधवेपुढे. तिच्या शेजारी तिचा उल्हास बसला होता. त्याने हात पुढे केला आणि शमुवेलने डबीचं झाकण लावलं.

"संपल्या का?" पुष्पावतीने विचारलं.

"काय, अक्का?"

"चिठ्ठ्या."

"आधी एक काम उरकू," शमुवेल म्हणाला आणि त्याने कोटाच्या आतल्या खिशातून लिफाफा काढला.

उल्हासचा हात अजून अर्धवट पुढेच होता. तो त्याने मागे घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. एकोणतीस वर्षांचा बाप्या, नागापूरच्या वर्कशॉपात टर्नर, पण त्या क्षणी तो वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसला. पुष्पावतीच्या कपाळाची शीर तडतडली. आज काही बोलायचं नाही, मटण खायचं आणि घरी जायचं, असं ती रिक्षात बसतानाच ठरवून आली होती. छत्तीस वर्षं तिने नर्स म्हणून वॉर्डात काढली होती. रक्ताने, पुवाने, बाळंतिणींच्या किंकाळ्यांनी ती कधी हलली नव्हती. पण आपला हा सहा वर्षांनी धाकटा भाऊ घसा खाकरायला लागला की तिचा धीर सुटायचा. मुळात निवृत्त हेडमास्तर, त्यात चर्चच्या मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

शमुवेलने पत्र वाचलं. हजेरी घ्यावी तसं वाचलं. उल्हास हाबेल यांचे आचरण पवित्र शास्त्राच्या विरुद्ध असून, समज देऊनही त्यांनी ते सोडलेले नाही. सबब त्यांचे नाव मंडळीच्या यादीतून कमी करण्यास कुटुंबाची संमती आहे. खाली दोन सह्यांची जागा. कुटुंबप्रमुखाची सही झालेली होती, वळणदार, हेडमास्तरी. आईची जागा कोरी.

"मालन," त्याने खिशाचं पेन काढून टोपण उघडलं, "इथे, रेघेवर. संध्याकाळी कमिटी आहे."

मालनबाईने पेनाकडे पाहिलं, हात लावला नाही. स्वयंपाकघरात चुलीवर मटण होतं, परातीत ओल्या फडक्याखाली कणीक होती. प्रार्थना झाली की गरम चपात्या लाटायच्या, हा या घरचा रिवाज. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती दिराच्या याच घरात राहत होती, सासूचं करत होती आणि शक्यतो कुणाच्या बोलण्यात पडत नव्हती.

"भावजी, यादीतून नाव काढलं म्हंजी काय हुतं?"

"प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही. चर्चमध्ये पेटी वाजवणं बंद. लग्न..." शमुवेल जरा अडला, "लग्नाचा तर प्रश्नच नाही."

"आणि माती?"

 हाबेलची कबर मंडळीच्या दफनभूमीत होती, शेजारी दोन जागा राखून ठेवलेल्या. एक मालनची, एक पोराची.

"तेही नाही," शमुवेल म्हणाला.

"छान!" पुष्पावती म्हणाली. "मेल्यावरही पोराने बापाशेजारी निजायचं नाही. जेवायला म्हणून बोलावलंत त्याला, आणि ताटात हे वाढलंत होय?"

"अक्का, मला काय हौस आहे?"

हौस नव्हती, हे खरं. शमुवेल दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं झालं असतं. लहानपणी उल्हासला पेटी शिकवली ती त्यानेच. पाच वर्षं उल्हास आणि त्याच वर्कशॉपातला पंकज नागापूरला एका खोलीत राहत होते. त्या पाचही वर्षी या घरातून नाताळच्या करंज्यांचा डबा त्या खोलीवर गेला होता आणि धुऊन परत आला होता. रूम पार्टनर म्हणायचे आणि गप्प बसायचे. मग नोव्हेंबरात राहुरीहून मुलीकडचे आले. चहा झाला, आणि उल्हास मुलीच्या बापाला म्हणाला, "काका, तुमच्या मुलीचं वाटोळं होईल. मी पंकजबरोबर राहतो आणि राहणार आहे." तीन दिवसांत अख्ख्या नगरला कळलं. खोटं बोलून त्या मुलीच्या गळ्यात पडला असता तर याच कमिटीने मांडवात अक्षता टाकल्या असत्या. पुष्पावतीचं डोकं फिरायचं ते इथे.

"सदोम आणि गमोरा देवाने उगाच नाही जाळलं," शमुवेलची बायको एस्तेरबाई म्हणाली. तिला वाटलं, नवरा एकटा पडतोय. "शास्त्रात आहे ते. आपण कोण बदलणारे?"

"कुठे आहे?" पुष्पावतीने विचारलं.

"उत्पत्तीत. एकोणिसावा अध्याय."

"मग काढ आणि वाच."

"वाचायचं काय त्यात? सगळ्यांना तोंडपाठ आहे."

"नाही, वाच. पुरा अध्याय वाच. बाबांचा नियम आहे या घरात. विसरलीस?"

एस्तेर विसरली नव्हती, पण आठवायचीही तिची तयारी नव्हती. कानिफनाथबाबा सासरे म्हणून मायाळू, पण त्यांचा एक नियम सगळ्या घराला जाचत असे. ते होते तोवर वचनांची डबी या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. वादात कुणी शास्त्रातलं एखादं वचन काढलं, की ज्याने काढलं त्याने तो अख्खा अध्याय मोठ्याने वाचायचा. मधे सोडला तर ते वचन बाद. आणि अध्याय संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. पोरं भुकेने कळवळायची, रस्सा गार व्हायचा. एकदा हाबेलने भावाला "आळशा, मुंगीकडे जा" असं ऐकवलं आणि त्यापायी सगळ्यांना नीतिसूत्रांचा सहावा अध्याय उपाशीपोटी ऐकावा लागला. म्हातारा गेला आणि नियम त्याच्याबरोबर गेला. शमुवेलने नाताळच्या बाजारातून डबी आणली. एक चिठ्ठी, एक वचन, दोन मिनिटांत आमेन.

एस्तेरने पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि सुरुवात केली. देवदूत आले, लोटाने त्यांना घरात घेतलं, गावकऱ्यांनी दाराला वेढा घातला. आठव्या वचनाला तिचा आवाज खाली गेला. लोट गावकऱ्यांना म्हणतो, माझ्या दोन कुमारी मुली आहेत, त्या घ्या आणि हवं ते करा.

"मोठ्याने," पुष्पावती म्हणाली. "हा नीतिमान माणूस बरं का. पुढेही वाच. शेवटी गुहेत त्याच पोरी बापाला दारू पाजून काय करतात तेही वाच."

"शी! जेवायच्या वेळेला?" एस्तेरने पुस्तक मिटलं. "मला नाही वाचायचं असलं."

"मग तुझं सदोम बाद."

उल्हासच्या ओठांवर अगदी बारीक हसू आलं. ते पाहून पुष्पावतीला चेव चढला. तिचं तिलाच कळत होतं की आपल्याला आता मजा येतेय. पण थांबवेना.

"लोटाचं राहू दे, अक्का," शमुवेल म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. वर्गात कठीण गणित माहीत असलेल्या मास्तरचा असतो तसा. "नियमशास्त्रात अगदी स्पष्ट आहे. लेवीय, विसावा अध्याय, तेरावं वचन. गोष्ट नाही, आज्ञा आहे. आणि मी पुरा वाचतो. मला बाबांच्या नियमाची भीती नाही."

खिडकीपाशी खाटेवर बनुबाई बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र शाबूत. इतका वेळ त्या आपली चिठ्ठी बोटांत फिरवत होत्या.

"शमू," त्या म्हणाल्या, "ते नको काढू. दुसरं काय तरी वाच."

"का गं, आई?"

"नको म्हनते ना. लई वंगाळ हाय त्यात."

"वंगाळ आहे म्हणूनच वाचायचं," पुष्पावती म्हणाली. "आई, तू मधे पडू नकोस. वाचू दे त्याला. पुरा."

शमुवेलने कपाटातून बाबांचं स्वतःचं पुस्तक काढलं, काळ्या पुठ्ठ्याचं, शिवण उसवलेलं. लेवीयाची पानं त्या जाड पुस्तकात जरा जास्तच मळकट होती, हे पुष्पावतीने पाहिलं आणि सोडून दिलं. तिने स्वतः तो भाग जन्मात वाचला नव्हता. स्तोत्रं, शुभवर्तमानं, रात्रपाळीला पुरतील एवढी पौलाची दोन-चार पत्रं. बाकीचं शास्त्र तिच्या लेखी शोभेच्या भांड्यांसारखं फळीवर होतं.

शमुवेल वाचू लागला. मुलं अग्नीला देणारे. भूतवैद्यांच्या नादी लागणारे. नववं वचन: जो बापाला किंवा आईला शिव्या देतो त्याला जिवे मारावं.

"पुण्याला फोन लाव," पुष्पावती म्हणाली. "तुझा चिरंजीव दिवाळीला तुला म्हातारा बैल म्हणाला होता. त्यालाही एक पत्र जाऊ दे."

"अक्का, वाचताना मधे बोलू नये."

दहावं व्यभिचाऱ्यांचं. अकरावं, बारावं. मग तेरावं. ते त्याने सावकाश वाचलं, शब्द सुटा सुटा करून, आणि पुस्तकावरून नजर उचलून मालनकडे पाहिलं. पुरुष पुरुषाजवळ स्त्रीजवळ निजावं तसा निजला तर दोघांनीही अमंगळ कृत्य केलं. दोघांना मरणदंड व्हावा.

मालन पदराचं टोक पिळत होती. उल्हास जमिनीवरच्या शहाबादी फरशीकडे पाहत होता.

"झालं," शमुवेल म्हणाला.

"झालं कुठे? पुढे अजून वचनं आहेत ना? तेराच झाली."

"शमू, पुरे," बनुबाई म्हणाल्या.

"पुरे काय?" पुष्पावती म्हणाली. "नियम म्हणजे नियम. वाच."

त्याने सुस्कारा सोडून पुढे वाचलं. अठराव्याला बाईच्या पाळीचं निघालं तेव्हा एस्तेरने पदर तोंडाला लावला. एकोणीस, वीस. मग एकविसावं. "आणि जर कोणी मनुष्य आपल्या भावाच्या..."

तो थांबला. आवाज थांबला तरी डोळे ओळीवरून पुढे गेले आणि पुन्हा मागे आले.

"काय झालं? दिसत नाही का?" पुष्पावती म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. भावाच्या. भावाच्या काय? उठून खांद्यावरून पाहायची गरज नव्हती. तिला जन्म देणारा रंभाजी, तिला आठवतही नसलेला. ज्यांना ती जन्मभर बाबा म्हणाली ते कानिफनाथ, त्याचा धाकटा भाऊ. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही असं सगळे धरून चालत. आणि खाटेवर बसलेली आई दोनदा नको म्हणाली होती.

अरे देवा, पुष्पावतीला वाटलं, मी काय करून बसले हे. उचलली जीभ लावली टाळ्याला. भावाला खड्ड्यात पाडायला निघाले आणि म्हाताऱ्या आईला ढकललं.

"शमुवेल, पुरे," ती घाईघाईने म्हणाली. "मिट ते. जेवून घेऊ. चपात्या टाक गं, मालन."

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "आता पुरा कर."

"आई..."

"मला पाठ हाय. तू वाचत नसशील तर मी म्हनते." त्यांनी मान वर केली आणि पाढा म्हणावा तसं म्हटलं, "भावाच्या बायकूला कुनी करून घेतलं तर ती नापाक गोष्ट. त्यांला लेकरू हुनार न्हाई." मग बोटं दुमडली. "तू, हाबेल, दोन पोरी. तुज्या बापापासनं चार झाली मला."

शमुवेलने पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. "आई, हे तुला कुणी ऐकवलं?"

"पंचांनी. रंभाजीला पटकी झाली, दोन दिसांत गेला. ही पुष्पी दोन वर्सांची. मला पाठीला भाऊ न्हाई. कानिफ म्हनला, मी संबाळतो, पन नुसतं न्हाई, लगीन लावून संबाळतो. मंग आले पाच जन मंडळीतले. अशीच समदी बसली हुती घरात. तेवढं येकच वचन वाचलं अन् पुस्तक मिटलं. कानिफ म्हनला, पुरा अध्याय वाचा, ह्यात तुमचं बी काय तरी निगंल. ते म्हनले, गरज न्हाई."

"म्हणून तो नियम?" पुष्पावतीने विचारलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तो म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा.

"म्हनून. पाच वर्सं आमाला भोजनाला बसू दिलं न्हाई. मागच्या बाकावर बसायचं, अन् भाकर फिरायला लागली की उठून भायेर जायाचं. शमूला काखंत घेऊन मी उठायची. त्याला बाप्तिस्मा द्याया पाळक तयार न्हाई. म्हनला, हे लेकरूच व्हाया नको हुतं."

शमुवेलचा चेहरा पुष्पावतीला पाहवेना. त्याच्या बाप्तिस्म्याची गोष्ट नगरच्या प्रत्येक चर्चला पाठ होती. तिसऱ्या वर्षी, अकोले तालुक्याच्या डोंगरात, प्रवरेच्या वाहत्या पाण्यात, जणू येशूसारखा यार्देन नदीत. प्रत्येक भाषणाची सुरुवात तो तिथून करायचा.

"बाबा डोंगरात सेवेला गेले होते," तो म्हणाला.

"सेवेला? मास्तर हुते ते, इथली शाळा काढून घेतली हुती त्यांची. तिकडं वाडीवर कुनी मास्तर जायाला तयार नव्हता, म्हनून ती दिली. तिथल्या म्हाताऱ्या पाळकानं तुला पान्यात धरलं. त्यानं इचारलं बी न्हाई तू कुनाचा. थंडीनं हात कापत हुते त्याचे."

स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता आणि कुणालाही भूक राहिली नव्हती. बाहेर पुणे रोडवरून एक ट्रक कर्कश हॉर्न देत गेला.

पुष्पावतीला वाटलं, आता तरी हा पत्र खिशात घालेल. पण शमुवेल हेडमास्तर होता. त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पानं पुढे उलटली.

"तुमच्यावर अन्याय झाला, आई. कारण पंचांनी दुसरी आज्ञा पाहिली नाही. अनुवादाचं पुस्तक, पंचविसावा अध्याय. भाऊ निपुत्रिक वारला तर दिराने भावजयीशी लग्न करावं, असं तिथे सांगितलंच आहे. म्हणजे तुमचं लग्न शास्त्राप्रमाणे होतं. हे प्रकरण वेगळं आहे."

"अरे व्वा!" पुष्पावती उसळली. "म्हणजे तुझ्या जन्मावर आलं की दुसरं पान आहे, आणि पोरावर आलं की हे एकच पान? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! मी आहे ना दुसरं पान दाखवायला. दावीद काय म्हणतो योनाथानाला? तुझी माया स्त्रियांच्या मायेहून अधिक होती. हेही शास्त्रच ना? का नाही वाचत?"

"पुरा अध्याय वाच, अक्का," शमुवेल थंडपणे म्हणाला. "लढाईत मेलेल्या मित्रासाठी केलेला विलाप आहे तो. तुला हवी तेवढीच ओळ तूही उचललीस."

 पुष्पावतीला चपराक बसली होती, आणि बसायला हवी तशीच बसली होती.

"मी इथं बसलोय," उल्हास म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला होता.

"तासभर झाला. काका एक वचन काढतात, आत्या दुसरं काढते. मी दावीद नाही, सदोमातला नाही. मी टर्नर आहे. सकाळी सातच्या पाळीला जातो. पंकजच्या आईला दमा आहे, तिची औषधं आणतो. रविवारी पेटी वाजवतो. आत्या, तू माझ्या बाजूने बोलतेस, बरं वाटतं. पण तुलाही मी जिंकायलाच हवा आहे. पाच वर्षांत एकदा तरी विचारलंस, बाबा, तू बरा आहेस का?"

नाही विचारलं. करंज्यांचा डबा मात्र दर नाताळात या घरी येऊन तीच भरत असे, आणि तो खोलीवर कुणाच्या तरी हाती पाठवत असे.  सॉरी म्हणावंसं तिला वाटलं, पण सगळ्यांसमोर तिला ते जमलं नाही.

"उद्या तुझं नाव निघालं तर मला आनंद होणार आहे का?" शमुवेल म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "मी सेक्रेटरी आहे. मी माझ्या घरचं झाकलं तर उद्या कुणाला काय तोंडाने सांगू? मालन, तू आई आहेस. तूच सांग. सही कर किंवा नाही म्हण. पण नाही म्हणालीस तर मंडळीत मी तुला आधार देऊ शकणार नाही. या घरात राहून..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

पेन अजून उघडंच होतं. त्याने ते तिच्या समोर पत्रावर ठेवलं. मालनबाईने पेन पाहिलं, पत्र पाहिलं, मग सासूकडे तोंड केलं.

"आई, तवा बी सह्या घेतल्या हुत्या का? घरच्यांच्या?"

"घेतल्या. म्हंजी आंगठं. कागद अस्साच हुता."

"कुनी दिला आंगठा?"

"माज्या सासऱ्यानं दिला. दोन पोरांतलं येक मातीत गेलं हुतं, दुसरं ह्या कागदानं घालवलं. पुढं आठ वर्सं जगला, पन ह्या शमूला त्यानं कदी मांडीवर घेतला न्हाई. आंगठा दिलेला मानूस कुठल्या तोंडानं घेनार?"

शमुवेलने मान खाली घातली. पण पेन उचललं नाही.

"अन् सासूनं?" मालनने विचारलं.

बनुबाईंच्या सुरकुतलेल्या गालांवर काहीतरी हललं. "दगडाबाईनं? ती चुलीम्होरं हुती. पंचांनी हाक मारली, म्हातारे, ये, आंगठा दे. ती आतनं म्हनली, आत्ता कशी येऊ, माज्या हाताला पीठ हाय. ते थांबले. ती भाकरी थापीत बसली. येक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. दिवस मावळला, पंच उठून गेले. घरात मानसं सहा अन् भाकरी चाळीस. दोन दिस खाल्ल्या आमी."

 पुष्पावतीला हसूही येत होतं आणि रडूही. आजीच्या हातच्या भाकरीची चव तिला आठवत होती, पण त्या हातांनी हे केलं होतं, ते आज कळत होतं.

मालनबाई उठली. पदर खोचला. पत्रावरचं पेन तसंच राहू देऊन, त्याला वळसा घालून ती स्वयंपाकघरात गेली. फडकं बाजूला टाकल्याचा आवाज आला, पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. दारातून पुष्पावतीला दिसलं की तिने मूठभर कोरडं पीठ परातीत घेतलं आणि मनगटापर्यंत दोन्ही हात कणकेत घातले. कणीक मघाशीच मळून झाली होती. तरी ती मळत राहिली.

"मालन," शमुवेलने हाक मारली. "संध्याकाळी सहाला कमिटी आहे."

"भावजी," ती आतून म्हणाली, मान वर न करता, "माज्या हाताला पीठ हाय."

पुष्पावती उठली. आत जाऊन तिने पोळपाट-लाटणं घेतलं, आणि जाता जाता उल्हासला म्हणाली, "ये रे, तवा ठेव. आणि पंकजच्या आईला कुठलं औषध देताय ते सांग." तो उठून तिच्यामागे गेला. बाहेरच्या खोलीत शमुवेल बसून राहिला, मांडीवर बापाचं पुस्तक, समोर उघडं पेन, आणि खाटेवर त्याच्याकडे तोंड करून बसलेली त्याची आई. पहिली चपाती फुगली तेव्हा अडीच वाजले होते.